जुनी गिटार, सिगरेटचा वास आणि आपलं नाक



विषय वाचून काहीजण म्हणतील, ह्याला दुसरे उद्योग नाहीत का? आहेत हो. पण गेले चार महिने आमच्या घरात ब्लू कार्ड, शाळा, टॅक्स रिटर्न ह्या सगळ्यापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीवर झाली, ती म्हणजे एका जुन्या गिटारीला येणारा सिगरेटचा वास. त्यातून मला जे कळलं त्यातलं अर्धं गिटारीबद्दल आहे आणि अर्धं आपल्याबद्दल. म्हणून लिहितोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे नाही वाचलं तरी चालेल. एक: वास झाकता येत नाही, तो काढावा लागतो, आणि काढायला वेळ लागतो. दोन: ज्याच्या घरातला वास आहे त्याचं नाक साक्षीदार म्हणून कामाचं नाही. मग तो जर्मन असो की मिरजेचा.

आता सविस्तर.

मी राहतो एर्लांगनला. इथून उत्तरेला सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर बुबेनरॉयथ नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या शोनबाख (आताचं चेक प्रजासत्ताकातलं लुबी) इथल्या जर्मन वाद्यकारागिरांना तिथून हाकललं गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांना १९४९ पासून ह्या गावात वसवलं. व्हायोलिन, गिटार, त्यांचे सुटे भाग, सगळं तिथे व्हायला लागलं. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमधे घेतलेला तो प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराचा बेस हॉफ्नर कंपनीचा, आणि हॉफ्नरचा कारखाना तेव्हा ह्याच गावात होता.

मी मूळचा मिरजेचा, शिक्षण सांगलीला वालचंदमधे. त्यामुळे बुबेनरॉयथ पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आपलं वाटलं. आमच्याकडे फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावता लावता सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली, आणि पुढे त्याची अख्खी सतारमेकर गल्ली झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. त्या गल्लीतून शाळेत जाताना येणारा भोपळ्याचा, लाकडाच्या भुश्शाचा आणि चपडा-स्पिरिटचा वास अजून नाकात आहे. (वासाचा विषय आहे, लक्षात ठेवा.)

तर, एर्लांगनमधे राहून बुबेनरॉयथची गिटार घ्यायची ही माझी बरीच जुनी इच्छा. होस्टेलवर शिकलेली चार कॉर्ड्स अजून येतात. ऑक्टोबरमधे जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या एका साइटवर मिळाली. १९७०च्या दशकातली, एका लहान कार्यशाळेत केलेली, पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. शिसव म्हणजे आपल्या दक्षिणेकडून आलेलं लाकूड. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झालं तेव्हा साठच्या दशकाच्या अखेरीपासून जगभरचे गिटारवाले भारतीय शिसवीकडे वळले. म्हणजे गिटार अर्धी जर्मन, अर्धी आपली. किंमत ३२० युरो, मूळ केससकट. जाहिरातीत तो नेहमीचा शब्द होताच: निश्टराउखरहाउसहाल्ट. म्हणजे ह्या घरात कोणी सिगरेट ओढत नाही. खाली नेहमीची ओळ, खाजगी विक्री, परत घेतली जाणार नाही.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे. एका पार्किंगच्या जागेत भेटलो, वारा सुटला होता, थंडी होती, माझं नाक चोंदलेलं. केस उघडली, तारा छेडल्या, आवाज ऐकून मी तिथेच पाघळलो. पैसे दिले, घरी आलो.

घरी हॉलमधे केस उघडली आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण आलंय?" तिला वाटलं कुणी सिगरेट ओढणारा पाहुणा दारात उभा आहे. मग माझं नाक गरम हवेने मोकळं झालं आणि मलाही कळलं. साधा वास नव्हता, एस.टी. स्टँडच्या जुन्या उपहारगृहाचा वास होता. केसच्या आतल्या मखमलीला तर हात लावला तरी बोटांना वास येत होता.

आता हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी हा मजकूर लिहिला नसता. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला दम्याचा त्रास आहे, थंडीत रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रे लागतो. दुसऱ्या रात्री ती खोकायला लागली. गिटारीमुळेच खोकली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, नोव्हेंबर तोंडावर होता आणि अर्ध्या किंडरगार्टनला खोकला होता. पण बायकोने स्पष्ट सांगितलं, "वास जाईल, नाहीतर गिटार जाईल. तुझ्याकडे नाताळपर्यंत वेळ आहे." तोपर्यंत गिटारीची रवानगी केलरमधे झाली.

मग मी आपण सगळे जे करतो ते केलं, म्हणजे जो जे सांगेल ते. आई फोनवर म्हणाली, उन्हात ठेव. नोव्हेंबरमधे एर्लांगनला ऊन कुठून आणायचं? (आणि ऊन असतं तरी चुकलंच असतं, ते पुढे सांगतो.) एका मित्राने सांगितलं कॉफीच्या बिया ठेव. दुसऱ्याने खाण्याचा सोडा. मी स्वतः हुशारी करून धूप दाखवला. देवघरातला चांगला धूप, गणपतीसाठी आणलेला. बायको केलरमधे आली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "आता देवळात बसून कुणीतरी विडी ओढतंय असं वाटतंय." :-)

चेष्टा बाजूला ठेवून विचार केला तर हे सगळं मूर्खपणाचं आहे हे इंजिनियरला तरी कळायला हवं होतं. सिगरेटचा वास म्हणजे हवेत तरंगणारं काहीतरी नाही. तो चिकट थर आहे. डांबर, निकोटीन आणि धुराचे अतिसूक्ष्म कण पृष्ठभागावर बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडे थोडे हवेत सुटत राहतात. गिटारीला बाहेरून लॅकर असतं, तिथून थर पुसता येतो. पण आतून गिटार कोरी असते. आतल्या लाकडाला बहुतेक वेळा काहीही लावलेलं नसतं. कोरं, सच्छिद्र, हवेतली आर्द्रता घेणारं-सोडणारं लाकूड. आर्द्रता वाढली की वास परत वर येतो. पावसाळी दिवशी गिटार जास्त का घाण मारते ते ह्यामुळे.

अशा थरावर धूप दाखवणं म्हणजे धुरावर धूर बसवणं. कॉफी आणि लॅव्हेंडर म्हणजे एका वासावर दुसरा वास. खाण्याच्या सोड्याबद्दल तर शाळेतलं रसायनशास्त्र पुरे. सोडा आम्लधर्मी वासांवर चालतो, निकोटीन स्वतःच अल्कधर्मी. शिवाय सोड्याची भुकटी गिटारीच्या आतल्या पट्ट्यांमधे जाऊन बसली की ती काढणं हा वेगळा उद्योग.

मग राग आला. तो विकणाऱ्या गृहस्थांवर निघाला. मी जर्मनमधे एक मेल लिहिली, चांगली कडक. तुम्ही निश्टराउखरहाउसहाल्ट लिहिलंत, ते खोटं होतं, माझ्या घरात आजारी मूल आहे वगैरे. कायदाही काढला. खाजगी विक्रीत जबाबदारी नाकारता येते हे खरं, पण जर्मन नागरी कायद्याच्या कलम ४४४ प्रमाणे विकणाऱ्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल तर त्या ओळीचा त्याला उपयोग नाही. हे कलम शोधून काढल्यावर मला फारच बरं वाटलं होतं. आपण परदेशात कायदा उद्धृत करू शकतो ह्याचा एक वेगळाच आनंद असतो!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चार ओळींचं, शांत. ते लिहितात: मी पूर्वी बँडमधे वाजवत असे, वीस वर्षं दर शनिवारी क्नाइपेत, आणि मी ओढतही असे. २०१० साली बायर्नमधे मतदान झालं आणि क्नाइपेतली सिगरेट बंद झाली, त्याच वर्षी मीही सोडली. तेव्हापासून घरात एकही सिगरेट पेटलेली नाही. गिटार केसमधे बंद होती. मला तिला कसलाही वास येत नाही. वाईट वाटलं.

मी ती मेल दोन-तीनदा वाचली. मंडळी, त्यांनी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. घर खरोखर निश्टराउखर होतं, दशकापेक्षा जास्त काळ. ४ जुलै २०१० च्या त्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के लोकांनी कडक धूम्रपानबंदीच्या बाजूने मत दिलं आणि १ ऑगस्टपासून बायर्नमधल्या सगळ्या खानावळी, क्नाइपे, बिअरचे तंबू धूरमुक्त झाले. त्याआधीचा काळ आठवा. भारतात सार्वजनिक ठिकाणी बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ ला आले. इथे रेल्वेगाड्यांमधे सुद्धा १ सप्टेंबर २००७ पर्यंत ओढणाऱ्यांचे डबे असत. जी गिटार २००७ च्या आधी मंचावर वाजली आहे ती सगळी धुरात वाजली आहे, वाजवणारा स्वतः ओढत असो वा नसो. आणि मग केस बंद झाली. आत २०१० सालची हवा तशीच राहिली. मी हॉलमधे केस उघडली तेव्हा ती बाहेर आली, एवढंच.

म्हणजे चूक त्यांच्या प्रामाणिकपणात नव्हती. प्रश्नच चुकीचा होता. "तुमच्या घरात कोणी ओढतं का?" हा घराबद्दलचा प्रश्न झाला. विचारायला हवं होतं, "ही वस्तू आयुष्यभर कुठे कुठे राहिली?"

आणि "मला कसलाही वास येत नाही" हे त्यांचं वाक्य? तेही खरंच. नाक सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणं काही मिनिटांत बंद करतं. नवीन वास म्हणजे बातमी, जुना वास म्हणजे भिंत. ज्या माणसाने ती गिटार चाळीस वर्षं मांडीवर घेतली, त्याला त्या गिटारीचा वास हा वास वाटणारच नाही.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगायला मला फारसं आवडत नाही.

तीन वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा आम्ही आमचा सोफा विकला होता. जवळजवळ नवा, डाग नाही, ओरखडा नाही. मीही जाहिरातीत ऐटीत लिहिलं होतं, निश्टराउखरहाउसहाल्ट, घरात पाळीव प्राणी नाहीत. एक तरुण जोडपं घेऊन गेलं. दोन दिवसांनी त्या मुलाचा मेसेज आला: सोफ्याला मसाल्यांचा फार वास येतो, हे आधी सांगायला हवं होतं, आम्हाला झोपायच्या खोलीत ठेवायचा होता. मी भयंकर चिडलो. उत्तरसुद्धा दिलं नाही. मित्रांमधे तो किस्सा मी कितीतरी वेळा सांगितला, "बघा हे लोक, आपल्या जेवणावर घसरले." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाकडे तसा एक किस्सा होताच.

आता नीट विचार करा. आपली फोडणी म्हणजे काय? तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात, त्यात हिंग, मोहरी, कढीपत्ता, लसूण. ते थेंब पडद्यांवर, कोटांवर, सोफ्यावर जाऊन बसतात आणि चिकटतात. सिगरेटच्या डांबराची जी रीत, तीच ह्यांची. (विषारीपणात तुलना नाही, हे स्पष्ट करतो, नाहीतर आईला कळलं तर माझी खैर नाही.) चार वर्षं रोज दोनदा फोडणी त्या सोफ्याने सोसली होती. आम्हाला वास येत नव्हता, कारण ते आमचं घर होतं. त्या मुलाला आला, कारण त्याचं नव्हतं.

मला माहीत आहे, काहीजण आता रागावतील. म्हणतील, वासाचं निमित्त करून आपल्या लोकांना घरं नाकारतात, ऑफिसात डबा उघडला की नाकं मुरडतात, आणि तू त्यांचीच बाजू घेतोस? नाही. घर नाकारायला वासाचं निमित्त करणारे असतात, तो सरळ भेदभाव आहे आणि त्याला भेदभावच म्हणायला हवं. पण प्रत्येक तक्रार तशी नसते. आपल्याला खरी तक्रार आणि निमित्त ह्यात फरक करता आला नाही, तर खऱ्या भेदभावाच्या वेळी आपलं कोण ऐकेल? त्या मुलाने फोडणीला नावं ठेवली नव्हती. त्याने वस्तूबद्दल तक्रार केली होती. अगदी तीच, जी मी त्या सत्तरीच्या गृहस्थांकडे केली. फरक इतकाच, की त्यांनी मला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, मी त्या मुलाला दिलं नाही.

असो. गिटारीकडे वळतो. कारण पुढे जे केलं त्याचा उपयोग झाला, आणि कुणाला तरी नक्की होईल.

मिरजेला मामाला फोन केला. मामा उठून गल्लीत गेला आणि एका वयस्कर कारागिरांच्या हातात फोन दिला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, वास लाकडाला कमी असतो, लाकडावरच्या मळाला जास्त. आधी मळ काढा. पण स्पिरिट लावू नका हं, चपडा असला तर पॉलिशच निघून हातात येईल." बरोबर आहे. चपडा अल्कोहोलमधे विरघळतो. जुन्या गिटारींचं नायट्रोसेल्युलोज लॅकरही अल्कोहोलने खराब होतं. नव्या गिटारींचं पॉलियुरेथेन टणक असतं, पण आपल्या गिटारीवर कोणतं आहे हे नक्की माहीत नसेल तर स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे ह्या सगळ्यांना लांबूनच नमस्कार करावा.

मग हे असं केलं:

१. केस वेगळी केली. सर्वात जास्त वास केसलाच असतो, मखमल आणि त्याखालचा फोम धूर पिऊन बसलेले असतात. गिटार कितीही साफ केली आणि परत त्याच केसमधे ठेवली तर सगळं मुसळ केरात. दोन आठवडे प्रयत्न करून शेवटी केस व्हेर्टश्टोफहोफला देऊन आलो. जीवावर आलं, पण दिली.

२. जुन्या तारा काढून फेकल्या.

३. आतली धूळ. ह्यासाठी गिटारवाल्यांची जुनी युक्ती आहे ती मला फार आवडली: दोन मुठी कोरडे तांदूळ भोकातून आत टाकायचे, गिटार सुपासारखी हळूहळू हलवायची आणि तांदूळ ओतून काढायचे. कोपऱ्यातली धूळ तांदळाबरोबर बाहेर येते. माझ्या गिटारीतून राखाडी रंगाच्या गोळ्या, एक तुटलेलं प्लेक्ट्रम आणि १ मार्काचं नाणं निघालं. (आत पिकअपची वायर वगैरे असेल किंवा एखादी पट्टी सुटलेली असेल तर हे करू नका.)

४. आतून पुसणं. मायक्रोफायबरचं फडकं कोमट पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळून घ्यायचं, म्हणजे ओलं नाही, दमट. वाकवलेल्या जाड तारेला गुंडाळायचं, आरसा आणि टॉर्च घेऊन भोकातून हात घालायचा. आतला लेबलचा कागद सांभाळायचा. पहिलं फडकं चहाच्या गाळणीसारखं तपकिरी झालं. चार दिवस, रोज एकदा, मधे पूर्ण वाळू द्यायचं. घाई केली तर लाकूड फुगतं आणि जोड सुटतात.

५. बाहेरून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. पुसायचं, लगेच कोरडं करायचं. फ्रेटबोर्डला लॅकर नसतं, त्यावर बोटांचा आणि धुराचा मळ साठतो. तिथे वाशबेन्झीनचे दोन थेंब फडक्यावर घेऊन, खिडकी सताड उघडी ठेवून, आसपास कसलीही ज्योत नाही ह्याची खात्री करून.

६. आणि मग खरी दवा: सक्रिय कोळसा, आक्टीफकोले. मत्स्यालयाच्या दुकानात दाणेदार मिळतो. भुकटी घेऊ नका, सगळं घर काळं होईल. ह्याच्या एका ग्रॅममधे सूक्ष्म छिद्रांचं मिळून काहीशे ते हजारावर चौरस मीटर पृष्ठफळ असतं, वासाचे रेणू त्यात जाऊन अडकतात. जुन्या सुती ओढणीच्या पुरचुंड्या केल्या, एक दोरा बांधून भोकातून आत सोडली, बाकीच्या भोवती ठेवल्या, आणि सगळं जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बंद. बरोबर एक आर्द्रतामापक, कारण आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत राहायला हवी. आठवडाभर बंद, एक दिवस मोकळ्या हवेत, कोळसा बदलायचा, परत बंद. असे आठ आठवडे.

काय करू नये तेही सांगतो. ऊन नको आणि बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका. जुन्या वाद्यांचे जोड बरेचदा सरसाचे असतात, उष्णतेने सरस मऊ पडतो. हायझुंगजवळ नको. हिवाळ्यात इथल्या घरात हवा ३० टक्क्यांपर्यंत कोरडी होते, फळीला तडा जायला तेवढं पुरतं.

आणि ओझोनचं यंत्र नको. एक मित्र आपलं यंत्र द्यायला तयार होता, "दोन तासांत वास गायब, जुन्या गाड्यांना वापरतात." वापरतात, खरं आहे. पण ओझोन म्हणजे जादू नाही, ऑक्सिडेशन आहे. समोर रबर आहे की लॅकर आहे की फुफ्फुस आहे हे तो बघत नाही. दम्याच्या मुलाच्या घरात तर विचारच नको. शिवाय ओझोन आणि निकोटीन ह्यांच्या प्रक्रियेतून फॉर्माल्डिहाइडसारखी नवी रसायनं आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात असं संशोधनात दिसलंय. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० साली हेही दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाबरोबर मिळून कर्करोगकारक नायट्रोसअमाइन्स बनवतं. म्हणजे थर आहे तिथे ठेवून वास मारणं हा उपाय नाही. थर गेला पाहिजे. एका गिटारीने घरात किती फरक पडतो? फार नसेल. पण "वास तेवढाच आहे, त्याने काय होतंय" हे म्हणणंही बरोबर नाही.

निकाल? नाताळपर्यंत निम्मा वास गेला होता. बायकोने मुदत वाढवून दिली. फेब्रुवारीत मी स्वतःच्या नाकाला रजा दिली आणि ज्याने ही गिटार कधी पाहिली नव्हती अशा शेजाऱ्याला बोलावलं, डोळे मिटायला सांगितलं आणि गिटार नाकाजवळ धरली. तो म्हणाला, "लाकूड. आणि थोडं... जुनं पुस्तक." पावसाच्या दिवशी भोकात नाक घातलं तर अजूनही किंचित जाणवतं. मुलीला गिटार असलेल्या खोलीत काही त्रास होत नाही. गिटार आता हॉलमधे असते, पण तिच्या झोपायच्या खोलीत नेत नाही, ते आमचं ठरलंय.

ह्या सगळ्यात एक फायदा अनपेक्षित झाला. कोळसा विकत घेताना दुकानात शेजारी चुलीवरच्या हूडचे कोळशाचे फिल्टर लटकवलेले दिसले. घरी येऊन आमचा हूड उघडला. भाड्याच्या घरातले बरेच हूड हवा बाहेर सोडत नाहीत, गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतात, आणि आतला कोळशाचा फिल्टर दर काही महिन्यांनी बदलायचा असतो. ह्या घरात आल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आम्ही तो एकदाही बदलला नव्हता. आधीच्या घरात असा काही फिल्टर असतो हेच माहीत नव्हतं. म्हणजे त्या सोफ्याचं रहस्य तिथे होतं!

तर माझं म्हणणं इतकंच. जुनी वस्तू घेताना बंद खोलीत, चोंदलेलं नाक नसताना हुंगा. पार्किंगमधे घेऊ नका. "निश्टराउखर का?" एवढ्यावर थांबू नका, वस्तू आधी कुठे होती ते विचारा. आणि विकताना जाहिरातीत एक ओळ घाला: "आमच्या घरात रोज भारतीय स्वयंपाक होतो, येऊन वास घेऊन बघा." त्यात कमीपणा कसला? दोन गिऱ्हाइकं कमी होतील, तिसरं विचारेल काय रांधता म्हणून. आमच्या जेवणाच्या टेबलाला ह्या ओळीसकट चार दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. वस्तू न्यायला आलेल्या बाईंनी जाताना मुगाच्या डाळीची कृती लिहून नेली.

त्या गृहस्थांना मी दुसरी मेल पाठवली. कलम ४४४ बद्दल माफी मागितली, काय काय केलं ते लिहिलं, आणि आत सापडलेलं मार्काचं नाणं पोस्टाने पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं की ते नाणं कोणत्या शनिवारचं असेल ह्यावर ते आणि त्यांची बायको संध्याकाळभर भांडले. त्या सोफावाल्या मुलाचा नंबर मात्र आता माझ्याकडे नाही.

कळावे. चूकभूल द्यावी घ्यावी. कुणाला तंबोरा, हार्मोनियम किंवा तबल्याबाबत असा अनुभव असेल तर जरूर लिहा. हार्मोनियमचा भाता तर हवाच ओढतो, त्याचं काय करतात ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

ता. क. गिटारीतून काढलेले तांदूळ टाकून द्यावेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी ते काढून ओट्यावर ठेवले होते आणि त्या रात्री खिचडी थोडक्यात वाचली. :-)